माणूस लांब, यंत्र पुढे : निकोला टेस्लाची विसरलेली बोट

समजा, राजापेठ चौकात ऐन संध्याकाळच्या गर्दीत एक बेवारस बॅग दिसली. पोलीस रस्ता मोकळा करतील, बॉम्बशोधक व नाशक पथक येईल. पण शेवटी त्या बॅगेपर्यंत कुणाला तरी जावंच लागतं. तिथे माणसाला जायला लागू नये म्हणून पुण्यातल्या दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं ‘दक्ष’ नावाचा रोबो बनवला. २०११ मध्ये तो लष्कराकडे गेला. पायऱ्या चढतो, संशयास्पद वस्तूचा एक्स-रे काढतो, आणि चालवणारा जवान ५०० मीटरपर्यंत लांब राहू शकतो.

माणूस लांब आणि यंत्र धोक्यात, ही कल्पना बिनतारी लहरींवर लोकांसमोर करून दाखवली ती १८९८ मध्ये. दाखवणारा होता निकोला टेस्ला. हो, विजेच्या एसी मोटारवाला, ज्याच्या नावाची आता कार आहे तोच.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावातला. वडील धर्मगुरू. ग्राझला इंजिनिअरिंग शिकायला गेला, पण पदवी पूर्ण केली नाही. १८८४ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि एडिसनच्या कंपनीत लागला. ती नोकरी वर्षभरही टिकली नाही. मग काही काळ चक्क खड्डे खणायची मजुरी केली. १८८८ मध्ये एसी मोटारीचं पेटंट मिळालं, वेस्टिंगहाऊसनं ते घेतलं आणि दिवस पालटले. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. बोटीची नसते.

मार्च १८९५ मध्ये त्याची प्रयोगशाळा जळून खाक झाली. यंत्रं, टिपणं, सगळं गेलं. तो पुन्हा उभा राहिला, आणि तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात सुमारे चार फुटांची लोखंडी बोट सोडली. ना वायर, ना आत माणूस. टेस्ला लांबून कळ दाबायचा आणि बोट वळायची, थांबायची, दिवे लावायची.

आत काय होतं? बॅटरी, मोटार, लहरी पकडायला अँटेना आणि धातूचा भुगा भरलेली एक नळी. लहर आली की त्या भुग्यातून वीज वाहायची आणि आतलं चाक एक घर पुढे सरकायचं. चाकाच्या प्रत्येक घराला वेगळं काम जोडलेलं होतं. रेडिओ घराघरात पोहोचायला अजून वीसेक वर्षं होती, त्यामुळे कुणी याला जादू म्हणालं, तर कुणाला वाटलं आत शिकवलेलं माकड बसवलंय. टेस्लानंही मजा घेतली. बोटीला ६४ चं घनमूळ विचारायला लावायचा आणि दिवे चार वेळा लुकलुकायचे. कळ अर्थात त्याच्याच हातात! माझ्या मते हा नाटकीपणा त्याला महागात पडला. लोकांना खेळ आठवला, शोध नाही.

नोव्हेंबर १८९८ मध्ये मिळालेलं पेटंट मात्र फार गंभीर आहे. उपयोगांच्या यादीत जीवरक्षक बोट सुरुवातीलाच येते. माणूस पोहोचू शकत नाही अशा ठिकाणी सामान नेणं, तिथली परिस्थिती पाहणं, हेही त्यात आहे. म्हणजे आजच्या बचाव रोबोचं कामच. आणि त्याच परिच्छेदात, सगळ्यात मोठा उपयोग म्हणून, युद्ध. शस्त्रच इतकं भयंकर होईल की युद्ध करायला कुणी धजणार नाही, असं त्याचं गणित होतं. ते किती चुकलं हे आपण आजच्या ड्रोन हल्ल्यांत बघतोय. तेव्हा स्पेनशी झालेलं युद्ध ताजं होतं, तरी अमेरिकी नौदलानं बोटीत रस घेतला नाही.

दुसऱ्याच्या सिग्नलनं आपलं यंत्र भरकटू नये, हाही प्रश्न त्यानं ओळखला होता. एकाच वेळी दोन वेगळ्या लहरी आल्या तरच यंत्र चालेल, अशी युक्ती त्यानं काढली.

१९१५ मध्ये बोटीच्या पेटंटची मुदत संपली, तोवर त्यातून त्याला काही मिळालं नव्हतं. ‘रोबो’ हा शब्द रूढ झाला तोच १९२० नंतर, कारेल चापेकच्या नाटकामुळे. मुंबई अग्निशमन दलानं आगीत शिरणारा रोबो वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीजवळ उतरवला तो जुलै २०१९ मध्ये. तिथे अडकलेल्या ८४ जणांना मात्र जवानांनीच बाहेर काढलं.

७ जानेवारी १९४३ रोजी टेस्ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या खोलीत गेला. जवळ कुणी नव्हतं. सरकारी खात्यानं त्याचं सामान ताब्यात घेतलं आणि युद्धाला उपयोगी काही आहे का, हे तपासायला एक प्राध्यापक नेमला. त्याला तसं काही सापडलं नाही. पुढे ते सामान बेलग्रेडच्या संग्रहालयात गेलं.