नामदेवांचे अभंग : नक्कल झाली, चोरी नव्हे

संत नामदेव (१२७०-१३५०) यांचे जन्मगाव हिंगोली जिल्ह्यातील नरसी मानले जाते. शिंपी कुळातील या कीर्तनकाराला जवळच्याच औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर यांचा गुरूपदेश लाभला, अशी वारकरी परंपरा आहे. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर ते पंजाबपर्यंत गेले. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची पदे समाविष्ट झाली. आज गुरू ग्रंथसाहिबात ती ६१ आहेत.

त्यांचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत उतरवले गेले. त्याने नामदेवांचे काही उणे झाले नाही. उलट वाणी टिकली. वस्तू चोरीस गेली की मालकाकडे उरत नाही, नक्कल झाली तरी मूळ उरते. भारतीय कायद्यानेही चोरी भारतीय न्याय संहितेत, तर कॉपीराइटचा भंग १९५७ च्या स्वतंत्र अधिनियमात ठेवला आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हा हक्क संपतो. नामदेवांचे अभंग म्हणूनच सर्वांचे आहेत.

हानी झाली ती वेगळीच. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांचीही मुद्रा ‘नामा’च असल्याने दोघांच्या रचना गाथांत मिसळल्या. त्या वेगळ्या करताना अभ्यासकांची आजही कसोटी लागते. नकलेतून अभंग वाचले. कर्त्याची ओळख मात्र पुसट झाली.