रांजणातल्या पाण्यात आजार शोधणारे डॉक्टर : कार्लोस फिन्ले

एकोणिसाव्या शतकात क्युबा बेटावरच्या हवाना बंदरात उतरणाऱ्या नवख्या माणसाला पहिली धास्ती असे ती पिवळ्या तापाची. डोकेदुखी, अंगदुखी आणि कडक ताप यांनी आजार सुरू होई. तीन-चार दिवसांनी उतार पडल्यासारखे वाटे. मात्र काहींना पुन्हा ताप भरे, डोळे व कातडी पिवळी पडे आणि काळ्या उलट्या होत. त्यांतले बरेचसे दगावत. बेटावर वाढलेल्यांना हा आजार बहुधा बालपणीच सौम्य स्वरूपात होऊन जाई आणि पुढे त्यांना त्याची भीती राहत नसे. बळी जात ते स्पेनहून आलेले सैनिक, खलाशी आणि पोटासाठी आलेले स्थलांतरित. दूषित हवा, रोग्याचे कपडे, अंथरूण अशी कारणे सांगितली जात. अंथरुणे जाळली जात, जहाजे बंदराबाहेर रोखली जात, तरीही साथ हटत नसे. या आजाराचे वाहन घरातल्याच पाण्यात वाढते हे ओळखणारे डॉक्टर याच शहरात राहत होते. त्यांचे नाव कार्लोस हुआन फिन्ले.

फिन्ले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्युबातील प्वेर्तो प्रिन्सिपे, म्हणजे आजच्या कामाग्वेई या गावी झाला. वडील स्कॉटिश वंशाचे डॉक्टर, आई फ्रेंच वंशाची. शिक्षणासाठी त्यांना लहान वयातच फ्रान्सला पाठवण्यात आले. परंतु तेथे एका मज्जाविकाराने गाठले आणि त्याचा परिणाम म्हणून बोलण्यात कायमचा अडखळेपणा राहिला. पुढे विषमज्वराने शिक्षणात पुन्हा खंड पडला. अखेर त्यांनी अमेरिकेतील फिलाडेल्फिया गाठले आणि १८५५ साली जेफर्सन मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी घेतली. तेथील त्यांचे गुरू जॉन मिचेल हे ताप सूक्ष्म जीवांमुळे येत असावेत असे मानणाऱ्या मोजक्या अध्यापकांपैकी होते. फिन्ले १८५७ पासून हवानात व्यवसाय करू लागले. १८६५ साली त्यांचा विवाह त्रिनिदाद बेटावरील आदेला शाइन यांच्याशी झाला.

त्यांच्या कामाची रीत प्रथम दिसली ती पटकीच्या साथीत. १८६७च्या सुमारास हवानात पटकी पसरली, तेव्हा कोणत्या घरात रोगी आहेत आणि त्या घरात पाणी कुठून येते, याची त्यांनी नोंद ठेवली. शहराला पाणी पुरवणाऱ्या उघड्या कालव्याच्या काठाने रोगी अधिक आढळत होते. आजार पाण्यातून पसरतो, हा त्याचा सरळ अर्थ होता. परंतु वसाहतीच्या कारभारावर दोष येईल असा मजकूर त्या वेळी वृत्तपत्रात छापू दिला गेला नाही. लोक तेच पाणी पीत राहिले.

पिवळ्या तापाच्या बाबतीत मात्र फिन्ले स्वतः बरीच वर्षे चुकीच्या वाटेवर होते. हवेतील अल्कलीच्या प्रमाणाशी या तापाचा संबंध असावा, या समजुतीने त्यांनी वर्षानुवर्षे मोजमापे घेतली. १८७९ साली अमेरिकेचे एक तपासमंडळ हवानात आले आणि फिन्ले त्याच्याबरोबर काम करू लागले. रोग्यांच्या ऊतींच्या सूक्ष्मदर्शकीय चित्रांत इजा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला झालेली दिसत होती. तेव्हा विषाचा प्रवास एका माणसाच्या रक्तवाहिनीतून दुसऱ्याच्या रक्तवाहिनीत होत असला पाहिजे, असा तर्क त्यांनी बांधला. असे काम सुईसारखी सोंड असलेला कीटकच करू शकतो. आधीचा सिद्धान्त त्यांनी सोडून दिला आणि ते डासांच्या अभ्यासाला लागले.

हवानाच्या घरांत त्यांना एक लहान, काळसर, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास सतत भेटत होता. तो दिवसा चावतो, घरातच वावरतो, एका जेवणात अनेकांना दंश करतो आणि रांजणातल्या, पिंपातल्या साचलेल्या पाण्याजवळ अंडी घालतो. थंडीत तो मंदावतो, उंच डोंगराळ प्रदेशात सहसा आढळत नाही. पिवळ्या तापाचा ऋतू आणि प्रदेश यांच्याशी हे सारे तंतोतंत जुळत होते. क्युबाचे ज्येष्ठ निसर्गशास्त्रज्ञ फेलिपे पोय यांनी डासाची जात निश्चित करण्यास मदत केली. आज त्याला एडिस इजिप्ती म्हणतात.

फेब्रुवारी १८८१ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत फिन्ले यांनी प्रथम एवढेच सुचवले की रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये रोग वाहून नेणारा एक स्वतंत्र दुवा असला पाहिजे. १४ ऑगस्ट १८८१ रोजी हवानाच्या विज्ञान अकादमीत त्यांनी तो दुवा म्हणजे डास, असे नाव घेऊन मांडले. सभागृहात कोणी पाठिंबा दिला नाही आणि कोणी खंडनही केले नाही. पुढे जवळजवळ वीस वर्षे हा विषय थट्टेचा राहिला. आधीच अडखळत बोलणाऱ्या या डॉक्टरांना डासवेडा ठरवणे लोकांना सोपे होते.

फिन्ले यांनी हट्ट सोडला नाही. क्लॉदिओ देल्गादो या स्पॅनिश सहकाऱ्यासह त्यांनी शंभराहून अधिक माणसांना रोग्याचे रक्त प्यालेले डास चावू दिले. त्यांत नव्याने आलेले सैनिक आणि जेझुइट पंथाचे धर्मगुरू होते. एकदोन डासांच्या दंशाने सौम्य आजार येऊन पुढचे संरक्षण मिळेल, अशी त्यांची आशा होती. काहींना हलका ताप आला, बहुतेकांना काहीच झाले नाही. त्यामुळे पुरावा कायम लंगडा राहिला. याचे कारण नंतर उलगडले. डासाच्या शरीरात रोगबीज वाढायला दहा-बारा दिवस लागतात आणि ते सोंडेपर्यंत पोहोचल्याखेरीज डास आजार देऊ शकत नाही. फिन्ले बहुधा पाच-सहा दिवसांच्या आतच डास चाववीत होते. सिद्धान्त बरोबर होता, प्रयोगातले दिवस कमी पडत होते.

१८९८ साली स्पेन व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले. चौसष्ट वर्षांचे फिन्ले आपली सेवा घेऊन युद्धभूमीवर गेले. युद्धानंतर क्युबा अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आले आणि सैनिकांना पिवळ्या तापाने ग्रासले. त्याच सुमारास हेन्री कार्टर या अमेरिकन डॉक्टरांनी मिसिसिपीतील खेड्यांत पाहिले की घरात पहिला रोगी पडल्यावर पुढचे रोगी सुमारे दोन आठवड्यांनी पडतात. फिन्ले यांना न सापडलेला धागा हाच होता. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली लष्करी डॉक्टरांचे पथक हवानात आले. इतर वाटा खुंटल्यावर ते फिन्ले यांच्या घरी गेले. फिन्ले यांनी आपल्या सर्व नोंदी खुल्या केल्या आणि डासाची अंडीही हाती दिली.

त्या अंड्यांतून वाढलेल्या डासांवर पथकातील जेसी लझीर यांनी काम सुरू केले. सहकारी जेम्स कॅरल यांनी स्वतःला डास चाववून घेतला; ते मरता मरता वाचले. लझीर यांनाही लागण झाली आणि २५ सप्टेंबर १९०० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभारलेल्या छावणीत रीड यांनी निर्णायक प्रयोग केले. एका खोलीत स्वयंसेवक रोग्यांच्या मळलेल्या कपड्यांत आणि अंथरुणांत अनेक रात्री झोपले. कोणीही आजारी पडले नाही. दुसऱ्या खोलीत मध्ये तारेची जाळी होती. डासांच्या बाजूला राहिलेला आजारी पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. जाळायला हवी होती ती अंथरुणे नव्हेत, हे एवढ्याने स्पष्ट झाले.

फेब्रुवारी १९०१ पासून हवानाचे आरोग्याधिकारी विल्यम गॉर्गस यांनी मोहीम उघडली. सुरुवातीला त्यांचाही डासांवर विश्वास नव्हता. तपासनीस घरोघरी फिरू लागले. रांजण व टाक्या झाकल्या गेल्या, डबक्यांवर रॉकेलचा थर सोडला गेला, रोग्यांच्या खोल्यांना जाळ्या बसल्या, घरांत धुरी दिली गेली. १९०० साली हवानात पिवळ्या तापाने ३००हून अधिक माणसे दगावली होती. १९०१ साली हा आकडा १८वर आला आणि १९०२ साली एकही मृत्यू झाला नाही. याच पद्धतीने गॉर्गस यांनी पुढे पनामात हा ताप आटोक्यात आणला, म्हणूनच कालव्याचे काम तडीस गेले.

१९०२ साली क्युबा प्रजासत्ताक झाले आणि फिन्ले देशाच्या आरोग्यखात्याचे प्रमुख झाले. या पदावर असताना त्यांनी आणखी एका घरगुती आजाराकडे लक्ष वळवले. बेटावर कित्येक नवजात बालके जन्मानंतर काही दिवसांतच धनुर्वाताने मरत असत. नाळ बांधायला सुईणी दिव्याच्या वातीचे सूत वापरीत. तपासणीत त्या सुतात धनुर्वाताचे जंतू सापडले. तेव्हा निर्जंतुक दोरा आणि पट्टी यांची पाकिटे वाटण्यात आली. १९०५ साली हवानात पिवळा ताप परतला, तोही याच खात्याने आटोक्यात आणला.

श्रेयाचा प्रश्न मात्र रेंगाळला. बाहेरच्या जगात रीड यांचेच नाव गाजले, जरी रीड यांना डास कोणाच्या घरून मिळाला हे सर्वांना ठाऊक होते. सिकंदराबाद येथे १८९७ साली हिवतापाचे जंतू डासात शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनी १९०५ साली नोबेल पारितोषिकासाठी फिन्ले यांचे नाव सुचवले. इतरांनीही सुचवले, पारितोषिक मिळाले नाही. ऑगस्ट १९१५ मध्ये हवाना येथे फिन्ले यांचे निधन झाले. पनामा कालवा खुला होऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. लॅटिन अमेरिकेत त्यांचा जन्मदिवस आज वैद्यकदिन म्हणून पाळला जातो.

पिवळा ताप भारतात पसरलेला नाही, आणि तो शिरू नये म्हणून आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील बंदरांना जाणाऱ्या गोमंतकीय तारवटींना लस टोचून घ्यावी लागते. पण तो वाहणारा डास गोव्यात घरोघरी आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या तोच पसरवतो. पावसाळ्यात परसातल्या करवंट्या, जुने टायर, कुंड्यांखालच्या बशा आणि उघडी पिंपे त्याला पुरतात. अंड्यापासून उडता डास व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करून, घासून, कोरडी केली तर ती पिढी पाण्यातच संपते. हवानाच्या तपासनिसांनी १९०१ साली घराघरांत जाऊन जे करून घेतले, ते हेच होते.