आदोल्फ केतले
लांबेर आदोल्फ जाक केतले (जन्म : गेंट, २२ फेब्रुवारी १७९६, मृत्यू : ब्रसेल्स, १७ फेब्रुवारी १८७४) हे बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. उंची व वजनाचा जो निर्देशांक आज बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) म्हणून ओळखला जातो, त्याचे मूळ त्यांच्या संशोधनात आहे.

केतले सात वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. १८१९ मध्ये त्यांनी गेंट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली. तरुणपणी त्यांनी कविता केल्या आणि एका संगीतिकेची संहिताही मित्रासोबत लिहिली. ब्रसेल्सला वेधशाळा असावी यासाठी त्यांनी खटपट केली. त्याकरिता खगोलशास्त्र शिकण्यासाठी १८२३ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे संभाव्यताशास्त्राशी त्यांचा निकटचा परिचय झाला. ग्रहताऱ्यांच्या वेधांतील चुका ज्या नियमाने विखुरतात, तोच नियम माणसांच्या मोजमापांनाही लागू पडतो, असे त्यांना आढळले. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांवरून त्यांनी हे दाखवले. फ्रान्समधील सैन्यभरतीच्या नोंदींत किमान उंचीपेक्षा किंचित बुटक्या तरुणांची संख्या अपेक्षेहून जास्त निघाली, तेव्हा ही भरती टाळण्याची लबाडी असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

१८३५ च्या ग्रंथात त्यांनी ‘सरासरी माणूस’ ही संकल्पना मांडली. प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे निरीक्षणही त्यातच आहे. एखाद्या व्यक्तीचा लठ्ठपणा ठरवणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना लोकसमूहाचे वर्णन करायचे होते. १८५५ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतरही त्यांनी लेखन चालू ठेवले.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीझ व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये या गुणोत्तराला सध्याचे नाव दिले. पुढे ते रुग्णालयांत सर्रास वापरले जाऊ लागले, आणि समूहाचे माप एकेका रुग्णाला लावण्यातली अडचण तेथेच उघडी पडली. वजनातील चरबी किती व स्नायू किती, हे या आकड्यातून कळत नाही. रक्तातील मूळपेशींच्या प्रत्यारोपणात तीव्र केमोथेरपी, तोंड व आतड्यांचे व्रण, उपासमार आणि स्टेरॉइड यांमुळे स्नायू झिजतात; पण साठलेले पाणी किंवा चरबी वजन टिकवून धरते. अशा रुग्णाचा निर्देशांक १८.५ ते २५ या ‘सामान्य’ कक्षेत असूनही तो अशक्त असू शकतो. म्हणून स्नायूंचा अंदाज घेण्यासाठी कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील सीटी स्कॅनचाही उपयोग केला जातो.