दोन ऐतिहासिक सिनेमे, संगीतकार एकच: कुडाळच्या वसंत देसाईंचा कुठला सिनेमा भारी?

ऐतिहासिक सिनेमा आला की सोशल मीडियावर दोन गट पडलेच म्हणून समजा. 'तान्हाजी' भारी की 'सुभेदार', 'पावनखिंड' भारी की 'छावा'. कुणी कमाईचे आकडे टाकतं, कुणी लढाईच्या सीनचे स्क्रीनशॉट. कमेंटमध्ये तलवारी निघतात.

असाच एक सामना सत्तर वर्षांपूर्वीचाही आहे. १९५१ साली व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' आला आणि १९५३ साली सोहराब मोदींचा 'झाँसी की रानी'. दोन्ही ऐतिहासिक, दोन्हींच्या मागे त्या काळातले दादा दिग्दर्शक. गंमत म्हणजे दोन्हींचं संगीत एकाच माणसाचं होतं. त्यांचं नाव वसंत देसाई.

नाव ऐकून पटकन चेहरा डोळ्यासमोर येत नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना तुम्ही शाळेच्या रांगेत उभं राहून म्हटली असेल, 'गुड्डी'मधली प्रार्थनाही म्हटली असेल. दोन्हींच्या चाली याच माणसाच्या.

वसंत देसाईंचा जन्म १९१२ सालचा. गाव सोनवडे, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानात, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात. लहानपण गेलं कुडाळमध्ये. आता कुडाळ म्हटल्यावर दशावतार आलाच. भातकापणी उरकली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज एवढंच. संहिता लिहिलेली नसते, नट जागच्या जागी संवाद रचतात आणि पदं गातात. राजा कोण, राक्षस कोण, हे प्रेक्षकाला सेट बघून कळत नाही, कारण सेट नसतोच. ते कळतं गाण्यातून आणि नटाच्या ठसक्यातून. रात्र सरते आणि उजाडताना दहीकाला होतो. मालवणी माणूस त्याला धयकालो म्हणतो.

या मुलखात वाढलेल्या पोराच्या कानावर काय काय पडलं असेल, याचा अंदाज बांधायला फार अभ्यास लागत नाही. आणि पुढे त्यांनी जे केलं, त्यात हे ऐकू येतंच.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि सतरा वर्षांचे वसंत देसाई तिथे दाखल झाले. तेव्हा सिनेमा मुका होता. १९३० च्या 'खुनी खंजर'मध्ये त्यांनी काम केलं. म्हणजे पुढे संगीतकार म्हणून गाजलेल्या माणसाची सुरुवात आवाज नसलेल्या सिनेमातून झाली! १९३२ साली प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' आला, त्यात ते गायलेही. गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव अशा दिग्गजांच्या हाताखाली ते शिकत गेले. अभिनय, गाणं, साथ, पडेल ते काम. ही उमेदवारी दहा वर्षांहून जास्त चालली.

१९४२ मध्ये शांतारामबापूंनी प्रभात सोडून राजकमल कलामंदिर उभं केलं. त्यांच्याबरोबर वसंत देसाईही मुंबईला आले. १९४३ चा 'शकुंतला' तुफान चालला आणि संगीतकार म्हणून त्यांचं नाव झालं. मग 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आला. १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' आला, तोही पेशवाईतल्या शाहिराचा. लावणी आणि पोवाड्याचा बाज पडद्यावर कसा आणायचा, याची तालीम इथेच झाली म्हणायला हरकत नाही.

आणि मग 'अमर भूपाळी'.

ही गोष्ट होनाजी बाळाची. होनाजी हा पुण्याचा गवळी समाजातला कवी आणि बाळा करंजकर हा त्याचा गाणारा साथीदार. दोघांची नावं इतकी चिकटली की अनेकांना तो एकच माणूस वाटतो. काळ दुसऱ्या बाजीरावाचा, मराठी सत्ता मावळतीला लागलेली. अशा काळातला सिनेमा म्हटल्यावर आपण लढाई शोधतो. शांतारामबापूंनी मात्र नायक निवडला कवी, नायिका निवडली तमाशातली नर्तकी. होनाजीच्या भूमिकेत पंडितराव नगरकर, गुणवतीच्या भूमिकेत संध्या. सिनेमा काळापांढरा.

आता इथे संगीतकाराची जबाबदारी बघा. सिनेमाचा नायक कवी आहे, तो मोठा कवी आहे हे प्रेक्षकाला पटलं पाहिजे. ते संवादातून पटत नाही. गाणं फसलं तर नायक फसला आणि नायक फसला तर सिनेमा बसला. वसंत देसाईंनी होनाजीच्या 'घनश्याम सुंदरा'ला चाल दिली. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर गायले. भूपाळी म्हणजे पहाटे देवाला जागं करायचं गाणं, त्यामुळे चालीत घाई नाही, वाद्यांचा गोंगाट नाही. गाई-वासरं, सडा, अंगण, सगळं स्वरांतूनच दिसतं. आज कित्येकांना ते सिनेमातलं गाणं आहे हेच माहीत नसतं. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली भूपाळी असावी असंच वाटतं. शब्द खरोखरच जुने आहेत, चाल मात्र कुडाळच्या माणसाची.

'अमर भूपाळी' १९५२ च्या कान महोत्सवात स्पर्धेत होता.

दोन वर्षांनी 'झाँसी की रानी'. सोहराब मोदी म्हणजे 'पुकार' आणि 'सिकंदर'वाले. दरबार, हत्ती-घोडे आणि खणखणीत संवाद ही त्यांची खासियत. या वेळी त्यांनी आणखी मोठी उडी घेतली. सिनेमा टेक्निकलरमध्ये करायचं ठरलं. भारतातला हा पहिला टेक्निकलर सिनेमा मानला जातो. कॅमेऱ्यासाठी थेट हॉलीवूडहून अर्नेस्ट हॉलर आले, ज्यांना 'गॉन विथ द विंड'साठी ऑस्कर मिळालं होतं. टेक्निकलरचं काम तेव्हा परदेशातल्या प्रयोगशाळेतून करून घ्यावं लागायचं, त्यामुळे पैसा पाण्यासारखा गेला. राणीच्या भूमिकेत मोदींच्या पत्नी मेहताब, राजगुरूच्या भूमिकेत स्वतः मोदी.

विषय तर मराठी माणसाच्या काळजाचा. लक्ष्मीबाई माहेरच्या तांबे. सासरचं नेवाळकर घराणंही मूळचं कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावचं. मोहम्मद रफींच्या आवाजात राणीचा गौरव करणारं गाणं होतं. सगळं जुळून आलं होतं आणि सिनेमा आपटला. मोदींना जबर आर्थिक फटका बसला. 'द टायगर अँड द फ्लेम' नावाने इंग्रजी आवृत्तीही निघाली, तिनेही चित्र बदललं नाही. मेहताब कोवळ्या राणीच्या वयाच्या वाटत नाहीत, ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती खोटी नाही.

मग दोन्हींत चांगला कुठला?

लढाईचा थाट, रंग आणि धाडस यात मोदींचा सिनेमा पुढे आहे. त्या काळात घरचा पैसा लावून एवढा जुगार खेळायला छाती लागते. शिवाय 'अमर भूपाळी'लाही सूट देऊन चालणार नाही. त्यातली पेशवाई म्हणजे बरीचशी सजावट आहे, राज्य का बुडालं याचं उत्तर त्यात शोधायला जाऊ नका. तरीही सिनेमा म्हणून 'अमर भूपाळी'च सरस. 'झाँसी की रानी'मधून गाणी काढली तरी कथा जिथल्या तिथे राहते, दोन प्रसंगांमधली जागा तेवढी मोकळी होते. 'अमर भूपाळी'मधून गाणी काढली तर मागे काहीच उरत नाही. संगीतकार तोच, हाताची जादू तीच, पण एका ठिकाणी त्याला गोष्ट सांगायला दिली होती आणि दुसऱ्या ठिकाणी गोष्टीची शोभा वाढवायला.

दोष रंगांचा होता असंही नाही बरं का. १९५५ चा शांतारामबापूंचा 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरच होता, संगीत वसंत देसाईंचंच, आणि तो धो धो चालला. तिथे कथा नाचाची होती, म्हणजे संगीत पुन्हा मध्यभागी.

आणखी एक तुलना तर थेट १९५३ सालातलीच. त्याच वर्षी आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आला. संगीत पुन्हा वसंत देसाईंचं. कोकणातलं गरीब घर, आई आणि मुलगा, ना हत्ती ना घोडे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं.

पुढची यादी लांब आहे. 'दो आँखें बारह हाथ' झाला. 'गूँज उठी शहनाई'साठी त्यांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई सिनेमात आणली. 'पंडितराज जगन्नाथ'सारख्या नाटकांची पदं बांधली. ऑक्टोबर १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांत गायल्या, तेव्हा कांचीच्या शंकराचार्यांनी लिहिलेल्या 'मैत्रीं भजत'ची चाल वसंत देसाईंची होती. न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात कुडाळ पोचलं होतं, पण कुडाळात किती जणांना हे माहीत आहे? १९७१ च्या 'गुड्डी'तून त्यांनी वाणी जयराम हा नवा आवाज हिंदी सिनेमाला दिला. तेव्हा आर. डी. बर्मनची लाट होती आणि साठीला टेकलेला हा माणूस अजूनही रागदारीवर चाली बांधत होता.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत, राहत्या इमारतीतल्या लिफ्टच्या अपघातात वसंत देसाई गेले. वय ६३. त्यांचं संगीत असलेला 'शक' हा सिनेमा पडद्यावर आला तो पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये.