फियाटमागचा माणूस : शेठ वालचंद हिराचंद

आपल्या भागात एके काळी फार थोड्या लोकांच्या दारात मोटार असे. तालुक्याच्या गावी एखादे डॉक्टर, एखादे वकील, एखादे कापसाचे व्यापारी. त्यांची ती गाडी बहुधा फियाट असे. वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी आजही कोणत्याही लहान जुन्या मोटारीला फियाटच म्हणण्याची पद्धत आहे. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी टॅक्सी म्हणून या गाडीने अनेक वर्षे काढली. ऑक्टोबर २०२३ अखेर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेच्या नियमाने निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. त्या लेखांत गाडीचे कौतुक पुष्कळ होते; परंतु ती ज्या कारखान्यात बनली, तो कारखाना उभारणाऱ्या माणसाविषयी फार थोडे होते. त्या माणसाची ओळख माझ्या विद्यार्थी बंधू-भगिनींना करून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका गुजराती जैन कुटुंबात झाला. वडील हिराचंद नेमचंद हे व्यापारी व सावकार होते. घराण्याचे मूळ गुजराती असले तरी वालचंदांचे बालपण आणि शाळा सोलापुरातली. १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशा दोन नामांकित महाविद्यालयांत त्यांनी शिक्षण घेतले; पण पदवी न घेताच ते घरच्या धंद्यात उतरले.

पेढीवर बसून व्याज मोजणे हा त्यांचा पिंड नव्हता. थोड्याच दिवसांत त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेचे काम कसे निघते, निविदा कशी भरतात, खडी-मातीचा हिशेब कसा धरतात, हे त्यांना ठाऊक होते. भांडवल मात्र नव्हते. वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची शक्ती होती आणि ज्ञान नव्हते. दोघांनी भागीदारी केली व बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीला सुरुवात केली. यशाचे गमक या भागीदारीत आहे असे मला वाटते. ज्याला काम येते त्याला बरोबरीने जवळ बसवायचे, ही दृष्टी वालचंदांनी पुढे जन्मभर ठेवली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी पुरवणारी तानसाची जलवाहिनी, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल अशी मोठमोठी कामे पुढे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील बहुतेक सारी जहाज वाहतूक इंग्रज कंपन्यांच्या हातात होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. इंग्रज कंपन्यांनी दर पाडून सिंदियाचा गळा दाबण्याचा पुष्कळ प्रयत्न केला; कंपनी टिकली. आपण दरवर्षी ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो या प्रवासाच्या स्मरणार्थ.

वालचंदांचे एक काम आपल्याला फार जवळचे आहे. मालेगाव तालुक्यातील रावळगाव आपणा सर्वांना गोळ्यांमुळे ठाऊक आहे. तेथील माळरान व खडकाळ जमीन घेऊन १९२३ च्या सुमारास त्यांनी शेतीला सुरुवात केली, पाणी आणले, ऊस लावला आणि १९३३ मध्ये साखर कारखान्याची कंपनी स्थापन केली. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे त्याच्याच पुढचे पाऊल. बंगळूरला १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साह्याने त्यांनी विमानांचा कारखाना काढला. युद्धकाळात सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली, आणि तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले.

जहाज, विमान आणि मोटार अशी तीन स्वप्ने त्यांनी पाहिली. त्यांतील मोटारीचे स्वप्न सर्वांत चिवट ठरले, आणि तेच माझ्या लेखाचा विषय आहे.

आपल्या देशात मोटारी त्या काळीही जोडल्या जात होत्या. अमेरिकेची जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडून विकत असे. जोडणे म्हणजे काय, तर परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या, येथील कामगारांनी त्यांचे नट-बोल्ट आवळायचे, रंग द्यायचा आणि गाडी बाहेर काढायची. इंजिन, गिअरपेटी आणि पत्रासुद्धा बाहेरचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच सुमारास खऱ्या अर्थाने मोटार घडविणाऱ्या कारखान्याची योजना तयार केली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. त्यांनी अमेरिका गाठली. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. क्रायस्लर कंपनीशी मात्र करार झाला. परंतु दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि हिंदुस्थान सरकारने हा कारखाना युद्धकार्यास आवश्यक मानण्याचे नाकारले. सरकारच्या मान्यतेवाचून यंत्रे आणणे अशक्य होते. युद्धासाठी हजारो वाहने बाहेरून येत होती आणि येथे वाहने बनवू पाहणारा माणूस परवानगीसाठी वाट पाहत होता. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये स्थापन झाली. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये आली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली वाहने बाहेर पडली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कुर्ल्याची ती पहिली वाहनेही जोडलेलीच होती. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो ही त्यांची नावे, आणि पेट्या अमेरिकेतून आलेल्या. मग वालचंदांनी वेगळे ते काय केले? माझ्या मते फरक हेतूत होता. जनरल मोटर्सला गाडी विकायची होती. प्रीमियरला गाडी शिकायची होती. आज नट आवळायचा, उद्या तो नट येथेच ओतायचा, परवा इंजिनाचा ठोकळा ओतायचा, अशी ती पायरी-पायरीची चढण होती. १९५३ च्या सुमारास टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने धोरण ठरवले, की ज्यांना भाग येथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स येथील जोडणीचे काम बंद करून निघून गेल्या, आणि प्रीमियर राहिली.

अमेरिकन गाड्या मोठ्या आणि पेट्रोल फार पिणाऱ्या होत्या. आपल्या मध्यमवर्गाला लहान गाडी हवी होती. ती इटलीच्या फियाट कंपनीकडे होती. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी कुर्ल्याला चिमुकली फियाट ५०० बनू लागली आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. वालचंदांना मात्र ही दुसरी गाडी पाहता आली नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पुढचा कारभार बंधू लालचंद यांनी पाहिला. १९६४ मध्ये ११०० चा नवा चेहरा आला. पुढे फियाटशी असलेला परवान्याचा करार संपला, तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बनत राहिली.

आता थोडे घरचे. माझे मामा मोटार मेकॅनिक आहेत. सुरत-धुळे महामार्गावर त्यांचे लहानसे गॅरेज आहे आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली तीन वर्षे ते एक जुनी पद्मिनी नव्याने उभी करीत आहेत. ती त्यांनी जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या हाताखाली असतो. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. त्यामुळे खालचा पत्रा गंजला की कणाच खिळखिळा होतो. मामांनी सडलेला पत्रा एकदम कापला नाही. दरवाजे जागेवर ठेवून, फटी मोजून, थोडा थोडा भाग काढून वेल्डिंग केले; नाहीतर चौकट वाकते आणि मग दरवाजा कधीच नीट लागत नाही. १०८९ सीसीचे इंजिन त्यांनी चेन-पुलीने बाहेर घेतले. सिलिंडर झिजले होते, म्हणून धुळ्याला नेऊन ठोकळा बोअर केला आणि मोठ्या मापाचे पिस्टन घातले. व्हॉल्व्ह मात्र घरीच ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने घासले. ते काम मी केले. दोन हातांत काठी फिरवावी तसे तास-तासभर फिरवत बसायचे, मग रॉकेल ओतून गळते का पाहायचे.

मामांनी काही सुधारणाही केल्या. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, डायनामो काढून अल्टरनेटर घातला, पुढच्या सीटना पट्टे लावले. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मात्र त्यांनी तसाच ठेवला. अनेक जण तो काढून खाली मजल्यावर आणतात, कुणी दुसऱ्याच गाडीचे इंजिन चढवतात. मामांचे मत असे, की गाडी सुरक्षित व्हावी, बंद पडू नये, एवढी सुधारणा करावी. तिची ओळख पुसू नये. शिवाय इंजिन किंवा सांगाडा बदलायचा तर आरटीओची परवानगी लागते आणि आरसी बुकात नोंद करावी लागते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगतात.

वालचंदांचे चरित्र वाचताना मला वारंवार हे शेड आठवत होते. कुर्ल्याने जे केले तेच मामा लहान प्रमाणात करतात. आधी दुसऱ्याने बनवलेली वस्तू खोलायची, समजून घ्यायची, पुन्हा जोडायची, मग जो भाग मिळत नाही तो स्वतः घडवायचा. दाराच्या हँडलचा एक तुकडा कुठेच मिळेना, तेव्हा मामांनी तो पितळेतून लेथवर काढून घेतला. एक गाडी तीस-चाळीस वर्षे फारशी न बदलता बनत राहिली, म्हणून गावोगावच्या मेकॅनिकांना तिची नस अन् नस कळली. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या शेकडो माणसांचे हे विद्यापीठच होते.

परंतु याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. परदेशी स्पर्धा नाही आणि परवान्याशिवाय नवा कारखाना नाही, अशा संरक्षणात आपले कारखाने सुस्तावले. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहायची आणि हाती यायची तीच जुनी घडण. ऐंशीच्या दशकात मारुती आली आणि चित्र पालटले. वालचंदांनी रोवलेली शिकण्याची वृत्ती त्यांच्या पश्चात कारखान्याने किती जपली, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारण्याजोगा आहे. शिकणे थांबले की जोडणारा आणि घडविणारा यांतला फरकही पुसला जातो.

आणखी एक गोष्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वालचंदांनी पदवी घेतली नाही हे कळल्यावर आमच्या ओळखीच्या काही मंडळींनी, मग तू तरी बी. ए. कशाला करतोस, गॅरेज धर, असा सल्ला मला दिला. हा दाखला मला पटत नाही. वालचंदांनी कॉलेज सोडले तेव्हा त्यांच्या मागे हिराचंदांची पेढी होती. लक्ष्मणराव फाटकांच्या मागे कोणतीही पेढी नव्हती. जे शिकले होते तेच त्यांचे भांडवल होते, आणि त्या भांडवलावरच ते वालचंदांच्या शेजारी बसले. आमच्यासारख्यांनी वालचंदांकडे पाहावे, पण आपली जागा फाटकांत शोधावी. मामांनाही हे पटले आहे. माझी फी ते गॅरेजच्या कमाईतून भरतात आणि परीक्षेच्या महिन्यात मला शेडमध्ये पाऊल टाकू देत नाहीत.

स्वतः पदवी न घेतलेल्या या उद्योगपतीच्या नावाने आज सांगलीला अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. १९४७ मध्ये निघालेल्या त्या संस्थेला पुढे वालचंदांचे नाव देण्यात आले. तेथून दरवर्षी कितीतरी अभियंते बाहेर पडतात. त्यांच्याजवळ पुस्तकी ज्ञान आहे. मामांसारख्यांच्या हातात कसब आहे. या दोघांची भागीदारी घडवून आणणारा नवा वालचंद आपल्या खानदेशात निपजेल काय? कापूस आपला, माणसे आपली, रस्ता तर दारावरूनच जातो. उणीव आहे ती दोघांना एका सतरंजीवर बसविणाऱ्याची. ते काम कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही का करू नये?