विश्लेषण : देवळात नव्हे, वाळवंटात… संत नामदेवांच्या कीर्तनात जागा इतकी महत्त्वाची का?

चौकात, रेल्वे स्थानकात किंवा पुलाखाली कलाकार सादरीकरण करतात आणि ती जागाच कलाकृतीचा भाग होते. हा प्रकार आपल्याला आजच्या महानगरांतला वाटतो. पण सुमारे सातशे वर्षांपूर्वी मराठवाड्याशी नातं असलेल्या एका शिंप्याच्या मुलाने नदीपात्रातली वाळू हेच आपलं व्यासपीठ केलं होतं. त्यांचं नाव संत नामदेव.

परभणीशी संबंध काय?

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म 1270 मधला. जन्मगाव कोणतं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एक मोठा प्रवाह नरसी हे गाव मानतो. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1 मे 1999 रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. व्यवसाय कपडे शिवण्याचा. कुटुंब पंढरपुरात स्थिरावलं. याच घरात गंगाखेडची एक मुलगी कामाला आली आणि पुढे संत जनाबाई म्हणून ओळखली गेली. गंगाखेड आजही परभणी जिल्ह्यातच आहे.

औंढ्यात काय घडलं?

संतचरित्रांतली ही कथा प्रसिद्ध आहे. औंढा नागनाथच्या देवळासमोर नामदेवांचं कीर्तन सुरू होतं. पुजाऱ्यांना ते खटकलं आणि त्यांनी नामदेवांना मागच्या बाजूला जायला सांगितलं. नामदेव मागे गेले, तिथेच उभे राहून गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे वळलं. गुरू ग्रंथ साहिबमधल्या नामदेवांच्या नावावरच्या पदांतही देऊळ फिरल्याचा प्रसंग येतो.

देऊळ खरंच फिरलं का, या वादात अडकलं की कथेतला खरा मुद्दा निसटतो. पुढची जागा कोणाची आणि मागची कोणाची, हे तोवर पुजारी ठरवत होते. कथेत गाणारा जिथे उभा राहिला, तीच पुढची बाजू ठरली.

वाळवंटच का?

पंढरपूरला गेलेल्यांना 'वाळवंट' म्हणजे राजस्थान नव्हे, हे सांगावं लागत नाही. चंद्रभागेच्या काठची ही वाळू. पावसाळ्यात पूर आला की ती पाण्याखाली जाते, पाणी ओसरलं की पुन्हा मोकळी होते. तिला ना भिंत, ना दार, ना उंबरठा. गावातल्या विठ्ठल मंदिराला मात्र या तिन्ही गोष्टी होत्या आणि चोखामेळ्यांसारख्या महार भक्ताला आत प्रवेश नव्हता. वाळूवर कोणाला अडवणार? वारकरी कीर्तनाची सुरुवात परंपरा नामदेवांकडे नेते. त्यांच्या अभंगांत हे वाळवंट पुन्हा पुन्हा येतं ते उगाच नाही.

उघड्यावर हजारोंपर्यंत आवाज पोहोचवायचा कसा, हा प्रश्न होताच. लाउडस्पीकर नव्हता. आजच्या वारकरी कीर्तनाची रचना पाहिली की त्याचं उत्तर दिसतं. कीर्तनकार पुढे उभा, मागे टाळकऱ्यांची रांग, जोडीला मृदंग. कीर्तनकाराने म्हटलेलं चरण टाळकरी एकत्र उचलतात आणि ते मागच्यांपर्यंत जातं. श्रोताही त्यात ओढला जातो. अमेरिकी अभ्यासक ख्रिश्चन ली नोवेत्झकी यांनी 2008 मध्ये नामदेवांवर लिहिलेल्या पुस्तकात हेच सूत्र धरलं आहे. नामदेवांची स्मृती पोथीपेक्षा सादरीकरणातून टिकली, असं ते मांडतात.

मंगळवेढ्याहून महाद्वारापर्यंत

1338 च्या सुमारास मंगळवेढ्यात गावकुसाचं काम सुरू असताना भिंत कोसळली. ढिगाऱ्याखाली चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. नामदेव तिथे गेले, असं परंपरा सांगते. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी ओळख त्यांनी पटवली. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरात आणल्या आणि मंदिराच्या महाद्वारासमोरच त्यांची समाधी केली. देवळात येण्याची ज्याला मनाई होती, त्याचं स्मारक आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर उभं राहिलं. नामदेवांच्या आयुष्यातली ही सर्वांत धाडसी कृती म्हणावी लागेल. तीत शब्दांपेक्षा जागेची निवड जास्त बोलते.

पंजाब आणि परत

ज्ञानेश्वरांसोबत नामदेवांनी तीर्थयात्रा केली. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतल्यानंतर ते उत्तरेत गेले. पंजाबातल्या गुरुदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्या नावाने ओळखलं जातं. 2015 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे झालं, ते याच नात्यामुळे. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत. पंजाबी परंपरा त्यांची समाधीही घुमानलाच मानते.

महाराष्ट्रातली परंपरा मात्र 1350 मध्ये त्यांनी पंढरपुरात, महाद्वाराच्या पहिल्या पायरीखाली समाधी घेतली असं सांगते. भक्तांच्या पायांची धूळ अंगावर पडावी, अशी त्यांची इच्छा होती म्हणे. घडलं उलटंच. 'नामदेव पायरी'वर वारकरी पाय ठेवत नाहीत. वाकून तिला हात लावतात आणि ती ओलांडून आत जातात. समोरच्या चोखोबांच्या समाधीवरून आत जाण्याचा हक्क दलितांना मिळायला 1947 साल उजाडावं लागलं, तोही साने गुरुजींनी मे महिन्यात उपोषण केल्यानंतर.