वर्गाबाहेरचे गुरुजी : कृष्णराव अर्जुन केळुसकर

शाळा सुरू होण्याच्या सुमारास शिक्षकांची प्रशिक्षणे होतात. पेण आणि रोहा तालुक्यांतील गुरुजीही त्यांना जातात. वर्ग व्यवस्थापन हा तिथला हमखास विषय. मुलांना कसे बसवावे, गोंगाट कसा आवरावा, फळ्याचा वापर कसा करावा, मागच्या बाकावरच्या मुलाकडे लक्ष कसे द्यावे हे सारे त्यात शिकवले जाते. ते शिकवलेच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, शिक्षकाचा वर्ग नेमका कुठे संपतो? हजेरीपटाच्या शेवटच्या नावापाशी, की त्याच्याही पलीकडे?

वर्ग व्यवस्थापन ही या देशात नवी गोष्ट नाही. साताऱ्याच्या शाळेत छोट्या भिवाला इतर मुलांपासून वेगळे बसवत. बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, आणि तोही रोज घरी परत न्यायचा, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर शिपाई नळ सोडेल तेव्हा पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गुरुजींनी एकदा भीमरावांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले धावली आणि त्यांनी डबे बाजूला फेकले. संस्कृत शिकायची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. शिस्त त्या वर्गातही होती. बैठकव्यवस्था होती, नियम होते, घंटाही वेळेवर होत होती. फक्त माणुसकी नव्हती. म्हणून नुसत्या शांत वर्गाला आम्ही चांगला वर्ग म्हणायला तयार नाही.

त्याच काळात त्याच मुंबईत दुसऱ्या शाळेचे एक शिक्षक होते. भीमराव त्यांच्या वर्गात नव्हते, त्यांच्या शाळेतही नव्हते. तरीही बाबासाहेबांच्या जडणघडणीत या शिक्षकाचा वाटा मोठा आहे. त्यांचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर.

केळुसकर गुरुजींचा जन्म १८६० साली वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा. मराठा कुटुंबात जन्मलेला हा कोकणातला मुलगा शिक्षणासाठी मुंबईला आला आणि विल्सन हायस्कुलात शिक्षक झाला. सत्यशोधक विचारांशी त्यांचे नाते होते. शाळेचे काम सांभाळून त्यांनी लेखणी चालवली. १८९६ मध्ये तुकोबांचे चरित्र लिहिले. १८९८ मध्ये गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र लिहिले आणि त्याच्या आधारे १९२१ मध्ये इंग्रजी शिवचरित्रही निघाले. बुद्ध, तुकोबा आणि शिवराय ही तीन नावे एका शाळामास्तराने निवडली यातच त्याची दिशा दिसते. बहुजनांचा इतिहास बहुजनांच्या हाती मराठीत द्यायचा, हा त्यामागचा ध्यास होता.

शाळा सुटल्यावर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत येऊन बसत. तिथे एक मुलगा रोज एकटाच पुस्तक वाचत बसलेला त्यांना दिसे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब, त्यामुळे अभ्यासाला जागा नाही, म्हणून तो मुलगा बागेत येत असे. गुरुजींनी त्याची चौकशी केली. नाव विचारले, शाळा विचारली, जात कळली. जात कळल्यावर पाठ फिरवणाऱ्यांचा तो काळ. गुरुजींनी पाठ फिरवली नाही. काय वाचावे हे त्यांनी सांगितले, पुस्तके दिली, आणि सुभेदार रामजींशी त्यांचा स्नेह जुळला. या कामाचा पगार त्यांना कोणी देत नव्हते आणि त्याची नोंद कुठल्या दप्तरात होणार नव्हती.

पुढे भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा समाजातील मंडळींना त्यांचा सत्कार करावासा वाटला. बहुतेक चरित्रकार ही परीक्षा १९०७ ची मॅट्रिक असे सांगतात. बाबासाहेबांनी मात्र १९५६ साली आपल्या बुद्धावरील ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीचा उल्लेख केला आहे. आम्ही वकील माणसे, प्रत्यक्ष साक्षीला जास्त वजन देतो. त्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात की, मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींनी सत्काराला साफ नकार दिला. मंडळी केळुसकरांकडे गेली. त्यांनी मध्यस्थी केली, रामजींचे मन वळवले, आणि सभा झाली. अध्यक्षस्थानी केळुसकरच होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवले. त्या पुस्तकाने आपण हलून गेलो आणि त्यातूनच बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेबांनी नमूद केले आहे. ही प्रस्तावना त्यांच्या हयातीनंतर निघालेल्या १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही. त्यामुळे केळुसकरांचे ऋण अनेक वर्षे सामान्य वाचकापर्यंत पोहोचले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भूमीवर जी धम्मक्रांती झाली, तिचे एक बीज एका शाळाशिक्षकाने भेट दिलेल्या पुस्तकात होते. क्रांतीचे श्रेय बाबासाहेबांचे आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या लाखो माणसांचे, याबद्दल वाद नाही. पण बीज कोणी हाती दिले हे विसरणे कृतघ्नपणा ठरेल.

गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. भीमराव इंटर झाले, आणि घरच्या परिस्थितीमुळे पुढचे शिक्षण थांबण्याची वेळ आली. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याचे सयाजीराव महाराजांनी जाहीर केले होते. केळुसकर भीमरावांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बळावर भीमराव बी. ए. झाले. पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले.

१९१७ साली करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले, तेव्हा परदेशात शिकलेल्या या विद्वानाला राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. तेव्हाही केळुसकर गुरुजी धावले. बडोद्यातील ओळखीच्या एका प्राध्यापकाच्या घरी त्यांनी सोय ठरवली. पण त्या घरातूनच विरोध झाला आणि बाबासाहेबांना परत फिरावे लागले. एकट्या शिक्षकाची सदिच्छा जातिव्यवस्थेपुढे कुठे तोकडी पडते हेही या प्रसंगातून कळते. सदिच्छेला कायद्याचे आणि संघटनेचे बळ लागते, हे बाबासाहेबांनी आपल्या पुढच्या आयुष्याने सिद्ध केले. १९३४ साली केळुसकर गुरुजी वारले.

आता आमच्या पेण-रोह्याकडे या. दिवाळी झाली की इथल्या वाड्यांतील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मुलेही बरोबर जातात. हजेरीपटावर नाव राहते आणि बाकावर कोणी नसते. अशा वर्गात गोंगाट होत नाही, व्यवस्थापन सोपे होते! पण गेलेली मुले कुठल्या भट्टीवर आहेत, तिथून जवळची शाळा कोणती, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिले का, गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे विचारणारा गुरुजी केळुसकरांच्या परंपरेतला. असे शिक्षक या दोन्ही तालुक्यांत आहेत, आम्ही त्यांना भेटलो आहोत. त्यांच्या पाठीशी समाज उभा नाही, हे आमचे दुःख आहे.

आज कायदाही शिक्षकाकडून हेच मागतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले आणि ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने मारहाण आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. छडीच्या धाकावर वर्ग गप्प ठेवणे आता बेकायदेशीर आहे, आणि जातीवरून टोमणा मारणे हाही छळच आहे. कलम २४ नुसार शिक्षकाने प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावे आणि पालकांच्या सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी व प्रगती सांगावी. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे कलम २७ बजावते. म्हणजे कायद्याने शिक्षकावर जबाबदारी टाकली तसे त्याला संरक्षणही दिले.

आणि आमची जबाबदारी? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे कलम २१ सांगते, आणि वंचित गटातील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्वही देते. आमच्या किती बौद्धवाड्यांतले, आदिवासीवाड्यांतले आईबाप त्या समितीत जाऊन बोलतात? जयंतीची वर्गणी वेळेवर जमते, पण समितीच्या बैठकीला आमची खुर्ची रिकामी राहते. सही मागायला कागद घरी येतो आणि आम्ही न वाचता सही करतो. बाबासाहेबांच्या पहिल्या सत्कारासाठी चाळीतली मंडळी केळुसकरांच्या दारात गेली होती, हे लक्षात ठेवा. गुरुजी मोठे होतेच, पण त्यांना जाऊन भेटणारा समाजही जागा होता.

तेव्हा पेण आणि रोह्यातील गुरुजनांना आमची विनंती आहे. वर्ग जरूर शिस्तीत ठेवा, पण तुमच्या हजेरीपटावर नसलेल्या एखाद्या मुलाचीही चौकशी करा. आणि चळवळीतील बांधवांनो, या महिन्यात आपल्या गावच्या शाळेत जा, समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि त्या बैठकीला बसा. जाताना शाळेच्या वाचनालयासाठी एक बुद्धचरित्र घेऊन जा. जय भीम!